कोकणातल्या इस्राएली कबरस्तानाची दुरुस्ती: कागद आधी, फावडं शेवटी

दिवाळी सरली की अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या भागात बेने इस्राएल (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) कुटुंबं येऊ लागतात. कुणी इस्रायलमधल्या लोद-अशदोद-दिमोनाहून, कुणी ठाण्या-मुंबईहून. हाताशी आठवडाभर, पत्ता म्हणून फक्त आडनाव, आणि मनात एकच गोष्ट: पणजोबांची कबर शोधून नीट करायची. मग काय होतं ते ठरलेलं आहे. पहिल्या दिवशी चार गडी लावून सगळं रान कापून पेटवतात. दुसऱ्या दिवशी तारेचा ब्रश आणि ॲसिड. तिसऱ्या दिवशी सिमेंटचा गिलावा, वर पांढरा ऑइलपेंट आणि काळ्या रंगात अंदाजाने गिरवलेली अक्षरं. फोटो निघतात, विमान सुटतं. दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंट फुटतं आणि जाताना दगडाचा पृष्ठभाग सोबत घेऊन जातं. ज्या कबरीने शंभर वर्षं पाऊस सोसला तिच्यावरचं नाव असं कायमचं पुसलं जातं.

पैसा आणि श्रद्धा यांची कमतरता नसते. चुकतो तो क्रम. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या आणि एक गोष्ट आधीच ठरवून टाका: काम दोन फेऱ्यांचं आहे. पहिल्या फेरीत दगडाला हात लावायचा नाही.

(उदाहरणं रायगड जिल्ह्यातली आणि बेने इस्राएलांची आहेत. जमिनीचे कागद आणि दगड-चुन्याचा भाग कोकणातल्या कुठल्याही समाजाच्या जुन्या दफनभूमीला लागू पडेल. धार्मिक नियम ज्याचे त्याने बघावेत.)

## टप्पा १: घरातले कागद, निघण्याच्या सहा महिने आधी

सुरुवात नावांपासून. जुन्या पिढीतल्या माणसाला दोन नावं असायची, एक शास्त्रातलं आणि एक गावातलं. अब्राहामचा अबाजी, बेंजामिनचा बनाजी, सॅम्युएलचा सामाजी, आयझॅकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी, एझकिएलचा हसाजी. मुंबईतलं १७९६ सालचं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधणारे सॅम्युएल एझकिएल दिवेकर आणि सामाजी हसाजी दिवेकर हे एकच गृहस्थ. दगडावर हिब्रूत ‘श्मुएल बेन यहेझकेल’ आणि महसुली कागदात ‘सामाजी हसाजी’ असेल, तर दोन्ही रूपं हाती नसलेला माणूस समोरच्या कबरीपाशी उभा राहूनही ती ओळखणार नाही. वंशावळीत प्रत्येक नावापुढे दुसऱ्या रूपासाठी रकाना ठेवा.

घरात शोधायच्या गोष्टी: लग्नाचा केतुबा (विवाहाचा लेखी करार), प्रार्थनेच्या जुन्या पुस्तकाची पहिली कोरी पानं (जन्म-मृत्यू तिथेच टिपले जात), शाळा सोडल्याचा दाखला, पलटणीचे किंवा रेल्वेचे नोकरीचे कागद, कबरीजवळ उभं राहून काढलेला एखादा फोटो. अशा फोटोत माणसांपेक्षा मागचा डोंगर, विहीर, ताडाची रांग जास्त कामाची असते.

वडीलधाऱ्यांना विचारताना ‘आपलं गाव कोणतं?’ एवढ्यावर थांबू नका. त्याचं उत्तर आडनावातच आहे आणि ते अनेकदा अपुरं असतं. असं विचारा: मयत झाल्यावर कुठल्या सिनेगॉगच्या लोकांना निरोप जायचा? कबरस्तानात पायी जायचे की बैलगाडीने? वाटेत ओढा लागायचा का? हशकाबा (मृतासाठीची प्रार्थना) कुठे व्हायचा? मावशी-आत्यांकडून अशा प्रश्नांना जी उत्तरं मिळतात ती कुठल्याच नोंदवहीत नसतात. त्यांची परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करा, कारण गावांची नावं तेव्हा कानाला ओळखीची वाटत नाहीत आणि नंतर आठवतही नाहीत.

जुन्या कागदात ‘जिल्हा कुलाबा’ दिसेल. तो म्हणजेच रायगड. नाव १९८१ साली बदललं. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. तिथली त्याआधीची नोंद कुलाबा जिल्ह्याच्या दप्तरात शोधत बसलात तर आठवडा वाया जाईल.

पुढे जाण्याआधी तपासा: मृताचं नाव दोन्ही रूपांत, मृत्यूचं साल (पाच वर्षं इकडेतिकडे चालेल) आणि किमान दोन संभाव्य ठिकाणं. यातलं एक जरी कमी असेल तर तिकीट काढू नका.

## टप्पा २: गाव नक्की करा

आडनावामागचं गाव म्हणजे पूर्वजांचं कधीकाळचं वस्तीचं ठिकाण. कबर तिथेच असेल असं नाही. पेझारीहून निघून पणजोबा पेणेच्या बाजारात स्थिरावले असतील, तर आडनाव पेझारकर आणि कबर पेणेत. पलटणीत गेलेल्यांच्या कबरी पुण्यात, अहमदाबादेत, थेट कराची-एडनमध्येही आहेत.

दुसरा घोळ सारख्या नावांचा. नवगाव आणि नागाव ही दोन वेगळी गावं, दोन्ही अलिबाग तालुक्यात. शिवाय एक नागाव उरणला आहे. शहापूर अलिबागजवळही आहे आणि ठाणे जिल्ह्यातही. दिवे तर भिवंडीकडे, पुरंदरला, शिवाय श्रीवर्धनचं दिवेआगर वेगळंच. नकाशाच्या ॲपवर नाव टाकून पहिल्या निकालाला ‘हेच आपलं गाव’ म्हणू नका. तालुका जुळला पाहिजे, आणि जवळ बेने इस्राएल वस्तीची खूण पाहिजे: सिनेगॉग, ‘इस्राएल आळी’, जुना तेलघाणा (तेल गाळणं हा त्यांचा जुना धंदा; शनिवारी घाणा बंद, म्हणून गावातलं नाव ‘शनवार तेली’).

कुटुंब मुंबईला येऊन दोन-तीन पिढ्या झाल्या असतील तर कोकणात जाण्याआधी मुंबईतली कबरस्तानं बघून घ्या. बेने इस्राएलांसाठी वरळीचं, ई. मोझेस मार्गावरचं. चिंचपोकळीचं बगदादी ज्यूंचं आहे. बरेच जण आधी तिथे जाऊन हात हलवत परत येतात.

त्यानंतर संबंधित सिनेगॉगच्या विश्वस्तांना पत्र लिहा. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल यांपैकी जे जवळचं असेल ते. पत्रात वंशावळीचा तुकडा, मृत्यूचं साल आणि तुमची येण्याची तारीख. ‘आमच्या पूर्वजांची माहिती पाठवा’ एवढंच लिहाल तर उत्तर येणार नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही: आता मागे उरलेली घरं थोडी आहेत आणि विश्वस्त आपापले नोकरी-धंदे सांभाळून हे बघतात.

## टप्पा ३: जमीन कुणाच्या नावावर आहे

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग काम अर्ध्यावर थांबतं.

गट किंवा सर्व्हे नंबर काढा. तो माहीत नसेल तर गावनकाशा घेऊन तलाठ्याकडे जा (पदाचं नाव आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं आहे; लोक तलाठीच म्हणतात). सातबारा ऑनलाइन निघतो, पण फक्त मालकाचं नाव पाहून थांबू नका. तीन जागा वाचा:

- इतर हक्काचा रकाना. कबरस्तान, दफनभूमी, स्मशान, वहिवाट असा काही शेरा आहे का.
- पोटखराबा, म्हणजे लागवडीखाली न धरलेली जमीन. त्यातला वर्ग ‘ब’ म्हणजे सार्वजनिक वापरासाठी राखलेली जमीन, आणि दफनभूमी त्यातच धरली जाते. दोन-चार गुंठे ‘पोटखराबा ब’ दिसले तर तेच तुमचं कबरस्तान असण्याची शक्यता मोठी.
- फेरफार क्रमांक. सर्वांत जुना फेरफार मागवा. जमीन कुठल्या साली, कुणाकडून, कशी आली ते त्यात सापडतं.

निकाल साधारण चारपैकी एक निघतो. जमीन सिनेगॉगच्या ट्रस्टची असेल तर सगळ्यांत बरं. धर्मादाय आयुक्त कार्यालयातून ट्रस्टचं परिशिष्ट-१ काढा, त्यात विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता दोन्ही असतात. सरकारी असेल तर तहसीलदार आणि ग्रामपंचायत. खासगी असेल तर मालकाची लेखी संमती हवीच, पूर्वज तुमचे असले तरी. आणि सातबाऱ्यावर कबरस्तानाचा काहीच उल्लेख नसेल, तर आधी नोंद करून घेण्याचा अर्ज, दुरुस्ती त्यानंतर.

हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. कुंपणाचा पहिला दगड मोजणी होण्याआधी टाकणं म्हणजे शेजाऱ्याशी भांडण विकत घेणं. त्या शेजाऱ्याची गुरं तिथून पिढ्यान्‌पिढ्या जात असतील, बांधावरचे आंबे त्याचे असतील. अशा माणसाला अतिक्रमण करणारा म्हणून सुरुवात केलीत तर कबरस्तानावर लक्ष ठेवणारा गावातला एकमेव माणूस तुम्ही गमावलात.

समुद्र-खाडीलगतच्या जागेवर भिंत, शेड, पक्की वाट बांधायची असेल तर सीआरझेडचे (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे) नियम लागतात. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीने. साफसफाईला याची अडचण नाही, बांधकामाला आहे. झाड तोडायचं तर त्याचीही परवानगी वेगळी.

इशारा: तोंडी होकारावर काम सुरू करू नका. सरपंच बदलतात, विश्वस्त बदलतात. आणि कुणाच्या श्रद्धा दुखावतील हे माहीत असताना दफनभूमीत विनापरवाना शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खालचा गुन्हा आहे. शेजारच्या कबरी तुमच्या कुटुंबाच्या नाहीत, हे कुदळ उचलताना लक्षात असू द्या.

## टप्पा ४: तारीख आणि सामान

पहिली फेरी डिसेंबर-जानेवारीत. गवत वाळून बसलेलं असतं, दगड कोरडा असतो, आणि कललेलं ऊन अक्षरं वाचायला मदत करतं. जूनपासून या किनाऱ्यावर २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढं असतं आणि तिशरी या हिब्रू महिन्यातले सणही तेव्हाच. शनिवारी आणि सणाच्या दिवशी कबरस्तानात जायचं नाही, हे मजुरांशी बोलताना आधीच सांगा, नाहीतर शनिवारची मजुरी कापल्याचा वाद होतो. शुक्रवारी काम दुपारी थांबवा, कारण शनिवारचा विश्रांतीचा दिवस (शब्बाथ) शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो.

सामान थोडंच: गुडघ्यापर्यंतचे गमबूट, जाड हातमोजे, काठी (फुरसं आणि घोणस दगडांच्या फटीत असतात, बोट आत घालण्याआधी काठी घाला), ३० मीटरची टेप, आलेखाची वही, होकायंत्र, हातभर आरसा, टॉर्च, साधा पाण्याचा फवारा, मऊ नायलॉनचा ब्रश, बांबूच्या काड्या. सर्पदंशावर लस असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

## टप्पा ५: पहिली फेरी. पाहा, मोजा, वाचा

गावात शिरल्यावर आधी कबरस्तान नाही, आधी माणसं. पोलीस पाटील, सरपंच, आणि कबरस्तानाला लागून ज्यांचं शेत आहे ते घर. कागद दाखवा, कोण ते सांगा. ‘ज्यू सिमेट्री’ विचारलंत तर मान हलेल. ‘इस्राएलांचं कबरस्तान’ किंवा ‘शनवार तेल्यांच्या कबरी’ म्हटलंत तर एखादे आगरी आजोबा स्वतः वाट दाखवायला निघतील.

आत गेल्यावर फक्त पायवाटेपुरतं आणि दगडांभोवती वीतभर गवत विळ्याने कापा. पेटवू नका. आगीने दगडाच्या पापुद्र्या निघतात, चुना भुगा होतो आणि संगमरवराची पूड पडते. तणनाशकही नको, त्यातले क्षार दगडात मुरतात.

सगळ्यांत मोठी चूक इथे होते. ज्यावर अक्षरं नाहीत ते दगड ‘पडलेले धोंडे’ समजून गोळा केले जातात आणि कुंपणात घातले जातात. जुन्या कबरींपैकी कितीतरींवर कधी नाव कोरलेलंच नव्हतं. डोक्याशी एक, पायाशी एक, असे नुसते धोंडे पुरलेले असतात. मुलांच्या कबरींचे तर फारच लहान. म्हणून नियम असा की नकाशावर नोंद होईपर्यंत एकही दगड जागचा हलणार नाही.

आता नकाशा. एका कोपऱ्यातला न हलणारा खांब किंवा मोठं झाड मूळबिंदू धरा, तिथून दोरी ताणून रांगा पाडा, आणि प्रत्येक कबरीला क्रमांक द्या. क्रमांक दगडावर रंगाने किंवा खडूने लिहायचा नाही. बांबूच्या खुंटीला पाटी बांधून शेजारी रोवायची. प्रत्येक कबरीची लांबी-रुंदी-उंची, दिशा, दगडाचा प्रकार (काळा पाषाण, जांभा, संगमरवर), काय मोडलंय, हे वहीत. फोटो चार: पूर्ण कबर, लेख समोरून, लेख तिरक्या उजेडात, आणि क्रमांकाच्या पाटीसह. फाइलीचं नाव त्याच दिवशी संध्याकाळी बदला. ‘रेवदंडा-रांग२-०७’ असं नाव दहा वर्षांनीही कळतं.

अक्षरं वाचण्यासाठी पीठ, खडू, हळद, शेव्हिंग क्रीम यांपैकी काहीही चोळू नका. आरशाने ऊन वळवून दगडाला घासून जाईल असं टाका. खोलगट भागात सावली भरते आणि अक्षर उभं राहतं. ढगाळ असेल तर संध्याकाळी टॉर्च कडेला धरा. पाण्याचा हलका फवाराही चालतो. सुटू लागलेल्या दगडावर कागद ठेवून पेन्सिल घासणं नको.

लेख बहुधा तीन भाषांत असतो, किंवा दोन. सुरुवातीला हिब्रू पे-नून ही दोन अक्षरं (‘इथे दफन’) आणि शेवटी पाच अक्षरांचा आशीर्वाद, ताव-नून-त्सादी-बेत-हे. ही दोन टोकं सापडली की मधलं नाव शोधणं सोपं.

साल काढताना जास्तीत जास्त लोक घसरतात, म्हणून जरा सावकाश. हिब्रू वर्षातले पाच हजार सहसा लिहीत नाहीत. ताव ४००, शिन ३००, रेश २००, कोफ १००. ताव-रेश अशी सुरुवात म्हणजे ५६००चं शतक, इसवी १८३९ ते १९३९. ताव-शिन म्हणजे त्यानंतरचं. समजा दगडावर ताव-रेश-सामेख-हे आहे: ४०० + २०० + ६० + ५ = ६६५, म्हणजे ५६६५. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, म्हणून हेश्वान महिना असेल तर ३७६१ वजा करा (१९०४) आणि अदार असेल तर ३७६० (१९०५). तेवेत महिना दोन्ही वर्षांत पडू शकतो, तिथे दिवस पाहूनच ठरवा.

झिजलेल्या दगडावर ‘रेश’ आणि ‘दालेत’ सारखे दिसतात, पण सालात गोंधळ होत नाही: रेश (२००) सुरुवातीला येणार, दालेत (४) शेवटी. खरी अडचण ‘हे’ आणि ‘हेत’ची. दोन्ही एकेकं दाखवतात, ५ आणि ८, दोन्ही शेवटीच येतात. वरच्या उदाहरणात हेत वाचलंत की ६६८ झालं आणि मृत्यू तीन वर्षं पुढे सरकला. अशा वेळी मराठी ओळ पाहा. तिथे शके १८२६ असेल तर शंका मिटली: शकात ७८ मिळवले की १९०४, जानेवारी ते फाल्गुनअखेर असेल तर ७९, म्हणजे १९०५. देवनागरी आकड्यांतही ३ आणि ६ झिजल्यावर जुळे दिसतात, आणि जुन्या बाळबोधीतले अ, झ, ण आजच्यापेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. जे अक्षर नक्की नाही तिथे वहीत टिंब द्या. अंदाजाने भरू नका. पुढचा वाचणारा तुमचा अंदाजच पुरावा समजेल.

परतण्याआधी तपासा: नकाशावरचे क्रमांक आणि फोटोंचे क्रमांक जुळतात का? सगळ्या फोटोंच्या दोन प्रती आहेत का, एक सिनेगॉगच्या विश्वस्तांकडे? मगच निघा.

## टप्पा ६: दोन फेऱ्यांमधलं काम, निर्णय आणि पैसे

घरी बसून प्रत्येक क्रमांकापुढे तीनपैकी एक खूण करा: ‘हात लावू नये’, ‘फक्त सफाई’, ‘दुरुस्ती’. पहिल्या गटात सर्वाधिक कबरी असतील, असाव्यातही. कललेली पण स्थिर कबर सरळ करण्याची गरज नसते. पूर्वी कुणी ऑइलपेंट मारला असेल तर तो खरवडू नका. सुटेल तसा सुटू द्या किंवा संवर्धनाचं काम जाणणाऱ्या वास्तुविशारदाला दाखवा. जुना दगड काढून चकचकीत ग्रॅनाइट बसवायचा मोह आवरा. नवी पाटी हवीच असेल तर स्वतंत्र, फाटकापाशी.

गवंडी निवडताना एकच प्रश्न विचारा: चुन्यात काम केलंय का? ‘साहेब, चुन्यात थोडं सिमेंट टाकू, पक्कं होईल’ असं उत्तर आलं तर दुसरा गवंडी बघा. अंदाजपत्रक मजुरी, माल आणि वाहतूक असं सुटं मागा, आणि प्रत्येक रक्कम कबरीच्या क्रमांकाशी जोडा.

पैशांचा कायदा इस्रायलमधून येणाऱ्यांनी नीट समजून घ्यावा. परदेशी नागरिकाने, मग त्याच्याकडे भारतीय वंशाचं ओसीआय कार्ड का असेना, भारतातल्या ट्रस्टला दिलेली देणगी विदेशी अंशदान ठरते. ती घ्यायला ट्रस्टकडे २०१०च्या विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि रक्कम दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच जमा व्हावी लागते. लहान सिनेगॉगांच्या ट्रस्टकडे अशी नोंदणी आहे असं गृहीत धरू नका. ‘रोख देऊन टाकतो’ हा उपाय विश्वस्तांना अडचणीत आणतो. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे यात मोडत नाहीत. आपल्या कुटुंबाच्या कबरींचं काम असेल तर गवंड्याचं आणि मालाचं बिल थेट आपल्या नावावर घेऊन चुकवता येतं का, हे ट्रस्टच्या सीएला विचारून मगच ठरवा.

## टप्पा ७: दुसरी फेरी, प्रत्यक्ष काम

क्रम असा: पाणी, झाडं, सफाई, उभारणी, दर्जा भरणं (दगडांचे सांधे चुन्याने भरणं). उलटं केलंत तर प्रत्येक पुढचं काम मागचं बिघडवतं.

पाणी. कबरींमध्ये पाणी साचतं का ते गाळाच्या रेषांवरून कळतं. वरच्या बांधाला वीतभर खोल चर काढून पाणी बाजूने वळवा. चर कबरींच्या रांगेपासून लांब. जमिनीवर पेव्हर ब्लॉक किंवा कोबा कधीच नको. खालचं पाणी मग कबरीच्या दगडातून वर चढतं.

झाडं. सांध्यात उगवलेला पिंपळ-वड उपटू नका, मुळाबरोबर चौथरा सुटून येतो. बुंध्याशी कापा, फुटवा आला की पुन्हा कापा. दोन-तीन वर्षांत तो दमतो. मोठं झाड कबरीला टेकलं असेल तर फक्त फांद्या हलक्या करा. पांढरा चाफा असेल तर राहू द्या, तो कुणीतरी लावलेला असतो.

सफाई. दगड आधी भिजवा. खालून वर घासत जा, म्हणजे मळके ओघळ कोरड्या दगडात मुरत नाहीत. पाणी गोड्या विहिरीचं. शेवाळ बांबूच्या काडीने, अक्षरांतली माती मऊ ब्रशने. दगडफूल निघत नसेल तर राहू द्या. ॲसिड, ब्लीच, धुण्याचा सोडा, तारेचा ब्रश, प्रेशर पंप यांपैकी काहीही आवारात येऊ देऊ नका. मजुरांच्या पिशव्या बघा. कुणीतरी चांगल्या हेतूने बाटली आणतोच.

उभारणी. ९० बाय ६० सेंटिमीटरचा, १० सेंटिमीटर जाडीचा काळा दगड दीडशे किलोच्या वर भरतो. चार जणांनी पहारींनी उचलायचा नाही. तिपाई आणि चेन-पुली लावा, पट्ट्याखाली गोणपाट द्या. उभा दगड रोवताना उंचीचा चौथा ते तिसरा हिस्सा जमिनीत, तळाशी खडी, ओळंब्याने सरळ, भोवती खडी-मातीचे थर ठोकून. सिमेंटच्या खड्ड्यात जखडलेला दगड पुढे हादरला की जमिनीच्या रेषेवरच मोडतो.

खड्डा जुना होता तेवढाच. हाड दिसलं तर काम तिथेच थांबवा, मातीने झाका, हजानला (सिनेगॉगमधली प्रार्थना चालवणाऱ्याला) किंवा विश्वस्तांना बोलवा. फोटो नको, जागा बदलणं तर नकोच.

चुना. कळीचा चुना भिजवून काही आठवडे पाण्याखाली मुरवलेला हवा, म्हणून तो पहिल्या फेरीनंतर लगेच सांगून ठेवा. एक भाग चुना, अडीच ते तीन भाग चाळलेली नदीची वाळू आणि विटांची भुकटी मिळून. समुद्राची किंवा खाडीची वाळू नाही. तिचं मीठ दगड आतून फोडतं. सांधे आधी पाण्याने ओले, दर्जा दगडाच्या पातळीपेक्षा किंचित आत. त्यावर ओलं गोणपाट किमान आठवडाभर. हे गोणपाट भिजवायला रोज कोण येणार, हे नाव काम सुरू होण्याआधी ठरलेलं हवं. चुन्याचं काम मार्चअखेर संपवा. मे महिन्याच्या उन्हात ते सुकून भुगा होतं आणि जूनच्या पावसात वाहून जातं.

कुंपण शेवटी. जांभ्याचा किंवा काळ्या दगडाचा कोरडा गडगा उत्तम, पाणी अडत नाही आणि गावातले लोक तो बांधू शकतात. फाटकाला कुलूप लावणार असाल तर एक किल्ली शेजारच्या शेतकऱ्याकडे.

## टप्पा ८: पुढच्या पावसाळ्यांची सोय

ज्यांनी लाखो खर्च केले त्यांच्याही कबरस्तानात तिसऱ्या वर्षी रान माजलेलं असतं, कारण गवत कापायला दर वर्षी लागणारी छोटी रक्कम कुणी ठरवलीच नव्हती. वर्षातून दोन कापण्या पुरतात: एक पाऊस संपल्यावर, एक मेच्या आधी. राखणदार गावातलाच असावा, मजुरी विश्वस्तांमार्फत, पावतीने, काम झाल्यावर. ठरवलेल्या सहा जागांवरून दर वर्षी तेच सहा फोटो त्याच्याकडून मागवा. कुठे भेग वाढली, कुठे दगड झुकला हे त्यावरूनच कळतं.

क्रमांकांचा नकाशा, वाचलेले लेख, सातबारा, मोजणीचा नकाशा आणि परवानग्या यांच्या तीन छापील प्रती करा. एक सिनेगॉगमध्ये, एक ग्रामपंचायतीत, एक तुमच्याकडे. नकाशावर न वाचता आलेल्या आणि नाव नसलेल्या कबरीही क्रमांकासह असल्या पाहिजेत. त्यांच्या घरचं कुणीतरी पुढे येईलच, आणि तेव्हा त्यांना रांग कुठली हे विचारायला दुसरी जागा नसेल.